दोन वर्षांच्या आतबाहेरचं मूल आणि सोळा तासांचा विमानप्रवास : तिकीट व विमा कसा काढावा

सगळ्यात आधी कॅलेंडर उघडा आणि मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसाला गोल करा. भाडं, एजंट, सुट्ट्या हे सगळं त्यानंतर. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात २ वर्षं पूर्ण न झालेलं मूल आईबाबांच्या मांडीवर बसून जाऊ शकतं. वय मोजलं जातं ते प्रवासाच्या दिवशीचं, तिकीट काढलं त्या दिवशीचं नव्हे. आम्ही पुण्याहून माझ्या भावाकडे, न्यू जर्सीत एडिसनला गेलो तेव्हा लेक १ वर्ष १० महिन्यांची होती. दहा आठवड्यांनी परत निघालो तेव्हा तिला २ वर्षं पूर्ण होऊन नऊ दिवस झाले होते. या नऊ दिवसांवरच आमच्या प्रवासाचा सगळा हिशेब फिरला. तो आधी लक्षात आला म्हणून बरं.

मांडीवरच्या बाळाचं आंतरराष्ट्रीय तिकीट साधारणपणे मोठ्यांच्या भाड्याच्या १० टक्के असतं, वर कर वेगळे. २ ते ११ वर्षांच्या मुलाला स्वतःची सीट घ्यावीच लागते. तिचं भाडं मोठ्यांपेक्षा थोडं कमी असतं, पण कर आणि अधिभार धरले तर वाटते तेवढी बचत होत नाही. मूल प्रवासादरम्यान दोन वर्षांचं होणार असेल, तर बहुतेक कंपन्या परतीच्या प्रवासाला सीट मागतात. ऑनलाइन फॉर्ममध्ये मात्र एकच वय निवडता येतं, आणि तिथेच घोळ होतो. ‘इन्फंट’ निवडून दोन्ही बाजूंचं तिकीट काढलंत, तर परतीच्या दिवशी काउंटरवर त्या दिवसाच्या चढ्या भावाने सीट घ्यायची वेळ येऊ शकते. म्हणून अशा वेळी विमान कंपनीला थेट फोन करा आणि दोन भाव विचारा : जाताना मांडीवर व येताना सीट, आणि दोन्ही वेळा सीट. दोन्ही आकडे समोर ठेवून मग ठरवा.

माझं मत विचाराल, तर दीड वर्षानंतरच्या मुलाला लांबच्या विमानात सीट घ्या. खर्च मोठा आहे, हे मान्य. पण चालायला शिकलेलं, दहा किलोचं मूल सोळा तास मांडीवर ठेवणं मुलालाही जड जातं आणि तुम्हालाही. पैसे वाचवायचेच असतील तर तारखांत वाचवा : दिवाळी, नाताळ आणि मे-जूनची सुट्टी सोडून निघा.

तिकिटाआधीची कागदपत्रं

मांडीवरच्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचा व्हिसा लागतो. १५ वर्षांखालच्या मुलाच्या भारतीय पासपोर्टची मुदत ५ वर्षं असते. अर्जासोबत आईवडील दोघांच्या सह्यांचं परिशिष्ट ‘डी’ जोडायचं. मूल ४ वर्षांखालचं असेल तर पासपोर्ट सेवा केंद्रात जाताना पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, ४.५ × ३.५ सेंटिमीटरचा फोटो सोबत न्या. हा फोटो काढताना मूल जागं, पोट भरलेलं आणि कॅमेऱ्याकडे बघणारं हवं. त्यामुळे आदल्या संध्याकाळी घाईघाईने उरकायला जाऊ नका.

व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणाऱ्या भाड्याचं तिकीट काढू नका. अमेरिकेचं परराष्ट्र खातंसुद्धा अर्जदारांना हेच सांगतं. एजंट ‘आज काढलं नाहीत तर भाव वाढेल’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असतो असं नाही. पण नाकारलेल्या व्हिसाचा भुर्दंड त्याला नाही, तुम्हाला पडतो.

आता नावाचा मुद्दा, आणि मराठी घरांनी इथे जास्त जपायला हवं. आपल्याकडे पासपोर्टवर मुलाच्या नावासोबत वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बऱ्याचदा जोडून येतं. समजा, मुलीचा गिव्हन नेम ‘ईरा समीर’ आणि सरनेम ‘कुलकर्णी’ आहे. तर तिकिटावरही पहिल्या नावाच्या रकान्यात ‘ईरा समीर’ असंच लिहा. समीर गाळू नका, आणि त्याला आडनावात तर ढकलूच नका. आईने लग्नानंतर नाव बदललं नसेल, म्हणजे आई आणि मुलाची आडनावं वेगळी असतील, तर जन्मदाखल्याची मूळ प्रत हातातल्या बॅगेत ठेवा. तो दाखला इंग्रजीतही असेल असं बघा. महानगरपालिकेचे दाखले बहुधा दोन्ही भाषांत असतात, पण जुना ग्रामपंचायतीचा दाखला असेल तर वेळेत नवा काढून घ्या.

एकच पालक मुलाला घेऊन निघणार असेल, तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र सोबत असावं. अमेरिकेचं सीमाशुल्क खातं तशी शिफारस करतं. माझा नवरा चौथ्या आठवड्यातच परतणार होता, म्हणून आम्ही पुण्यातच पत्र करून घेतलं होतं. त्यात मुलीचं नाव, पासपोर्ट क्रमांक, प्रवासाच्या तारखा, कोणाकडे उतरणार तो पत्ता आणि नवऱ्याचा फोन, एवढं असलं की पुरे.

थेट विमान की बदलतं

मुंबईहून न्यूयॉर्कच्या बाजूला थेट जायला साधारण १६ तास लागतात. आखातमार्गे गेलात तर आधी सुमारे ३ तास आणि मग १४ तास. युरोपमार्गे दोन जवळजवळ सारखे तुकडे पडतात, प्रत्येकी ९ तासांच्या आसपास.

भाडं बघून बहुतेक जण आखाताचा मार्ग घेतात. त्यात एक अडचण आहे, ती तिकीट काढताना दिसत नाही. मुंबईहून ही विमानं बरीचशी रात्री किंवा पहाटे सुटतात. मूल कसंबसं झोपतं, आणि तीन तासांत दिवे लागतात, उतरायचं, पुन्हा तपासणी, पुन्हा रांग. अर्धवट झोपेतून उठलेलं मूल पुढच्या चौदा तासांच्या विमानात चढतं तेच रडत. परवडत असेल तर थेट विमान घ्या. नसेल तर युरोपमार्गे दोन सारखे तुकडे मला जास्त सोसण्याजोगे वाटतात. फक्त ज्या देशात विमान बदलायचं, तिथला ट्रान्झिट व्हिसाचा नियम तुमच्या पासपोर्टसाठी काय आहे, तो त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर तिकीट काढण्याआधी बघा. तुमच्याकडे असलेल्या अमेरिकन व्हिसामुळे काही ठिकाणी सूट मिळते, काही ठिकाणी नाही. मुलाचा पासपोर्ट वेगळ्या देशाचा असेल तर त्याचा नियम वेगळा तपासा.

अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा : अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच, विमानात बसण्याआधी होतं. अमेरिकेत उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं, आणि थकलेलं मूल कडेवर असताना हे मोठं सुख आहे. पण त्यासाठी अबू धाबीत वेळ हवा. दोन तासांचं अंतर असलेलं तिकीट मी मुलाला घेऊन घेणार नाही.

अन्य मार्गांनी जाऊन अमेरिकेत पुढे आणखी विमान पकडायचं असेल, म्हणजे डॅलसहून ऑस्टिन वगैरे, तर पहिल्या अमेरिकन विमानतळावर इमिग्रेशन, मग सगळ्या बॅगा पट्ट्यावरून उचलणं, कस्टम्स, बॅगा पुन्हा देणं, पुन्हा सुरक्षा तपासणी, हे सगळं करावं लागतं. तिथे तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका. आणि सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. दोन स्वस्त तिकिटं जोडून घेतलीत आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्या कंपनीची तुमच्याशी काही बांधिलकी नसते. एकट्या माणसाने तो धोका पत्करावा, लहान मूल असलेल्या घराने नाही.

तिकीट काढण्याच्या दिवशी

मुलाला त्याच पीएनआरमध्ये घ्या. मोठ्यांची तिकिटं आत्ता, बाळाचं नंतर, असं करू नका. भारतीय विमान कंपन्यांना डीजीसीएने, म्हणजे आपल्याकडच्या विमान वाहतूक महासंचालनालयाने, २०२४ मध्ये बजावलं आहे की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या किमान एका पालकाशेजारी सीट द्यावी. पीएनआर एकच असेल तर हे काउंटरवर ठामपणे सांगता येतं.

तिकीट आल्यावर बाळाच्या नावापुढे स्वतंत्र ई-तिकीट क्रमांक आहे का, ते बघा. नुसतं यादीत नाव असणं पुरेसं नाही. आमच्या पहिल्या प्रवासात, लेक सात महिन्यांची होती तेव्हा, एजंटने काढलेल्या तिकिटात दुसरा टप्पा भागीदार कंपनीच्या विमानाचा होता. नाव यादीत होतं, पण त्या टप्प्याचं तिकीट निघालेलंच नव्हतं. ते कळलं विमानतळावर, रात्री एक वाजता. नवरा एका खिडकीवर पैसे भरायला, मी दुसऱ्या रांगेत, बाळ भुकेलेलं. तेव्हापासून मी तिकीट आलं की प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या कंपनीचा वेगळा पीएनआर घालून बघते, आणि शंका वाटली तर फोन करते.

अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांसाठी तिथल्या वाहतूक खात्याचा एक नियम कामाचा आहे. प्रवासाला किमान ७ दिवस असतील आणि तिकीट थेट कंपनीकडून घेतलं असेल, तर कंपनीला २४ तासांत विनाशुल्क रद्द करण्याची किंवा पैसे न भरता तेवढा वेळ भाव राखून ठेवण्याची सोय द्यावी लागते. हे २४ तास नावं, जन्मतारखा आणि सीटा तपासण्यात घालवा. एजंटकडून घेतलेल्या तिकिटाला हा नियम लागू होत नाही. लहान मूल असताना मी थेट कंपनीकडून घेते, त्याचं हे एक मोठं कारण.

पाळणा, सीट आणि पट्टा

भिंतीसमोरच्या रांगेत अडकवायचा पाळणा, म्हणजे बॅसिनेट, मागणी नोंदवून मिळतो. पण नोंदवला म्हणजे मिळालाच असं नाही. वजनाची मर्यादा कंपनीगणिक बदलते, बऱ्याच ठिकाणी १० ते ११ किलोच्या आसपास, आणि लांबीचीही मर्यादा असते. आपल्या अंगापिंडाची मुलं वजनात बसतात, पण नऊ-दहा महिन्यांनंतर पाय मावत नाहीत. शिवाय पट्ट्याचा दिवा लागला की झोपलेल्या बाळाला उचलून मांडीवर घ्यावं लागतं. सहा महिन्यांच्या बाळासाठी पाळण्याकरता जरूर धडपडा. दीड वर्षाच्या मुलासाठी ती रांग उलट गैरसोयीची : हाताचे दांडे उचलता येत नाहीत आणि समोर पिशवी ठेवायला जागा नसते.

एका मोठ्या माणसामागे मांडीवर एकच बाळ चालतं. जुळी असतील तर प्रत्येकासाठी एक मोठा माणूस हवा, किंवा एकाला सीट. आणि ते दोन मोठे एकाच ओळीत शेजारी बसू शकतीलच असं नाही, कारण सीटांच्या प्रत्येक गटावर ऑक्सिजनचे जादा मुखवटे मोजकेच असतात. आपत्कालीन दाराजवळची पाय पसरायची रांग मुलासोबत मिळत नाही, तेव्हा तिचे पैसे भरू नका.

मुलाला स्वतःची सीट असेल तर गाडीतली कार सीट विमानात लावता येते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सीटवर ती विमानात वापरायला प्रमाणित असल्याचा लाल अक्षरांतला मजकूर असतो. १० ते २० किलोच्या मुलासाठी ‘केअर्स’ नावाचा पट्ट्यांचा संच मिळतो. तो हलका असतो आणि अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने मान्य केलेला आहे. कार सीट वाहून नेण्यापेक्षा मला तो सोपा पडला. मात्र उतरल्यावर विमानतळाबाहेर येणाऱ्या गाडीत कार सीट लागतेच. न्यू जर्सीत २ वर्षांखालच्या, ३० पौंडांहून कमी वजनाच्या मुलाला मागे तोंड करूनच बसवायचा कायदा आहे. भावाला किंवा बहिणीला आठ दिवस आधी सांगा. ‘मांडीवर घेऊन बसू की’ हे तिथे चालत नाही, आणि चालू नयेच.

विमा : छोट्या बिलासाठी नव्हे, हॉस्पिटलसाठी

विमा तिकिटाच्याच दिवशी घ्या. निघायच्या आदल्या रात्री घेतलेली पॉलिसी परदेशातल्या उपचारांना चालते, पण प्रवास रद्द करावा लागला तर त्याचं संरक्षण पॉलिसी घेतल्यापासूनच सुरू होतं. मुलाला आज गोवर निघाला आणि उद्या पॉलिसी घेतलीत, तर उपयोग नाही.

तुलना करताना लोक प्रीमियम बघतात. मी आधी एकच प्रश्न विचारते : मूल चार दिवस अतिदक्षता विभागात राहिलं तर ही पॉलिसी किती वेळ टिकेल? अमेरिकेत हॉस्पिटलात एका रात्रीचं बिलही हजारो डॉलरांत जातं. ५० हजार डॉलरची पॉलिसी मी अमेरिकेसाठी घेणार नाही. किमान अडीच लाख डॉलर, जमल्यास पाच लाख. मुलाचं वय कमी असल्यामुळे प्रीमियममधला फरक फारसा मोठा नसतो. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचं संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं आणि पूर्ण मुक्कामाचं, असं बंधनच आहे. पण ती व्हिसाची किमान अट आहे, तेवढ्यावर थांबावं असं नव्हे.

मग पॉलिसीची मूळ कागदपत्रं उघडा, जाहिरातीचं पान नव्हे, आणि पुढच्या गोष्टी शोधा. मुलाचं किमान वय किती? काही पॉलिसी जन्मापासून घेतात, काही तीन किंवा सहा महिन्यांनंतर. फॅमिली फ्लोटर असेल तर रक्कम सगळ्यांत मिळून आहे हे लक्षात घ्या. शिवाय सगळ्यांनी एकत्रच जावं-यावं अशी अट आहे का, तेही बघा. आमचे परतीचे दिवस वेगळे होते, म्हणून आम्ही तिघांच्या स्वतंत्र पॉलिसी घेतल्या. खोलीभाडं, अतिदक्षता, शस्त्रक्रिया यांवर उपमर्यादा आहेत का? असतील तर वरचा मोठा आकडा फसवा ठरतो.

मुलांच्या बाबतीत आणखी दोन कलमं महत्त्वाची, आणि त्यांच्याबद्दल एजंट स्वतःहून क्वचितच सांगतो. एक, मूल किंवा आई दाखल झाली तर भारतातून जवळच्या माणसाला येण्याचा खर्च मिळतो का. दुसरं, आईच दाखल झाली आणि सोबत कोणी मोठं नसेल, तर मुलाला सोबतीसह घरी पोचवण्याची सोय आहे का. एकटी आई मुलाला घेऊन जाणार असेल तर दुसऱ्या कलमाशिवाय पॉलिसी घेऊ नये, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

अर्जातले आरोग्याचे प्रश्न खरे भरा. मूल वेळेआधी जन्मलं असेल, बालदम्यासाठी कधी नेब्युलायझर लावला असेल, हृदयात छोटं छिद्र होतं आणि आता बुजलं आहे असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर तेही लिहा. ‘आता बरी आहे, कशाला लिहायचं’ या विचाराने लपवलेली गोष्ट क्लेमच्या वेळी पहिल्यांदा बाहेर येते. आधीच्या आजारांना पॉलिसी काय देते, तेही वाचा. बऱ्याच ठिकाणी फक्त जिवावर बेतल्यास मदत असते.

प्रवास रद्द करण्याच्या कलमात एक शब्द शोधा : दाखल. आदल्या दिवशी मुलाला १०३ ताप आला आणि डॉक्टरांनी ‘नेऊ नका’ म्हणून लिहून दिलं, तरी हॉस्पिटलात दाखल झाल्याशिवाय पैसे नाहीत, अशी अट असू शकते. लहान मुलांचे प्रवास बहुतेक वेळा अशा साध्या तापानेच रद्द होतात. तशी अट असेल तर तिकीटच बदलता येईल असं घेणं शहाणपणाचं.

डिडक्टिबल म्हणजे प्रत्येक क्लेममधला तुम्ही सोसायचा भाग. एडिसनला लेकीचा कान दुखून ताप आला. भाऊ आम्हाला हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न नेता अर्जंट केअर दवाखान्यात घेऊन गेला. बिल १८५ डॉलर झालं, डिडक्टिबल १०० होतं, घरी आल्यावर ८५ डॉलर मिळाले. त्यात गैर काही नाही, विमा अशा बिलांसाठी घ्यायचाच नसतो. पण साध्या दुखण्याला अर्जंट केअर किती सोपं आणि किती स्वस्त पडतं, हे तेव्हा कळलं. श्वास लागणं, झटके, शुद्ध हरपणं, डोक्याला मार, यांत मात्र ९११ फिरवा. इमर्जन्सी विभागाला पैशांची चौकशी न करता तपासून मुलाला स्थिर करावंच लागतं, तसा कायदा आहे. बिल नंतर येतं, आणि विमा त्या बिलासाठी असतो.

दाखल करावं लागलं तर पॉलिसीवरच्या आंतरराष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच कळवा, कॅशलेस त्यांच्यामार्फतच होतं. तो क्रमांक नवऱ्याच्या, बायकोच्या आणि तिथल्या यजमानांच्या फोनमध्ये आधीच साठवा. पॉलिसी वाढवायची असेल तर मुदत संपायच्या आत अर्ज करा.

निघताना आणि विमानात

आठवडाभर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. लसींचं कार्ड, मुलाच्या वजनानुसार पॅरासिटामॉलचा डोस आणि नेहमीच्या औषधांची चिठ्ठी छापील इंग्रजीत घ्या. झोप यावी म्हणून सर्दीचं औषध देण्याचा सल्ला नातेवाईक देतात. देऊ नका. काही मुलं त्याने झोपण्याऐवजी जास्त चिडचिडी होतात, आणि विमानात ते निस्तरायला डॉक्टर नसतो.

१०० मिलिलिटरचा नियम आईचं दूध, फॉर्म्युला आणि बाळाच्या खाण्याला लागू नाही. प्रवासापुरतं नेता येतं, फक्त तपासणीत वेगळं काढून दाखवा. आम्ही नाचणीचं सत्त्व आणि भाजलेल्या तांदूळ-मुगाची पूड नेली होती, विमानात गरम पाणी मागून कालवता येते. अमेरिकेत उतरल्यावर खाण्याच्या वस्तू कस्टम्सच्या वेळी जाहीर करा. ताजी फळं विमानातच संपवा.

कान दुखतात ते चढताना कमी आणि उतरताना जास्त. मुलांच्या कानाची आतली नळी अरुंद असते, आणि गिळलं की ती उघडते. उतरणं सुरू होतं जमिनीवर टेकायच्या साधारण अर्धा तास आधी. तेव्हा मूल झोपलेलं असेल तरी हळूच उठवून अंगावर घ्या किंवा बाटली द्या.

बाबागाडी बहुतेक कंपन्या विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात, मात्र दारावर टॅग लावून घ्या. ती परत दाराशी मिळणार की पट्ट्यावर, तेही तिथेच विचारा. सामान आलं नाही किंवा मोडलं, तर विमानतळ सोडण्याआधी तक्रारीचा कागद करून घ्या. मॉन्ट्रियल करारानुसार मोडतोडीची लेखी तक्रार ७ दिवसांत, उशिरा मिळालेल्या सामानाची २१ दिवसांत करावी लागते. हातातल्या बॅगेत मुलाचे दोन आणि तुमचा एक कपड्यांचा जोड ठेवा.

बोर्डिंग पास, पासपोर्टचे शिक्के, दवाखान्याची मूळ बिलं आणि डॉक्टरांचा कागद घरी येऊन क्लेम मिटेपर्यंत जपा. क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुणे आणि मुंबई दोन्हीकडे त्यांची कार्यालयं आहेत, शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. आमच्या ८५ डॉलरांसाठी तिथवर जावं लागलं नाही, पण सगळे कागद आजही त्याच निळ्या फाइलमध्ये आहेत. लेकीचा पुढचा प्रवास ठरला की त्या फाइलमधलं जुनं संमतीपत्र नमुन्याला घ्यायचं आणि नव्या तारखांचं पत्र पुन्हा नोटरी करून घ्यायचं.